शिंगे पाहून बैल घेऊ नये

शेजारच्या लोहा तालुक्यातील माळेगावला खंडोबाची यात्रा भरते. तिथे जनावर घ्यायला आलेला जाणता शेतकरी कधी घाईत नसतो. तो आधी दात पाहतो, मग खूर पाहतो, जनावर दहा पावले चालवून बघतो, खांद्यावर हात फिरवतो आणि सगळ्यात शेवटी किमतीचा विषय काढतो. लाल कंधारी असो की देवणी, नुसती शिंगे डौलदार आहेत म्हणून कोणी पैसे मोजत नाही. मात्र हाच माणूस जुनी मोटार घ्यायला निघाला की त्याचे हे पिढीजात शहाणपण गावच्या वेशीवरच राहते. उंच, रुंद टायरांची, मागच्या बाजूला ‘फोर बाय फोर’ अशी अक्षरे मिरवणारी गाडी दिसली की दात पाहायचे राहून जातात आणि नजर शिंगांवर खिळते.

अहमदपूर, चाकूर, लोहा, कंधार या भागात अशा गाड्यांची हौस गेल्या काही वर्षांत वाढली आहे. नवी परवडत नाही म्हणून जुनी, मोठी परवडत नाही म्हणून छोटी, पण चारही चाकांना जोर असलेलीच हवी, असा हट्ट घरोघरी ऐकू येतो. हौसेला मोल नसते हे खरे, पण कुटुंबाची गाडी ही एकट्याची हौस नव्हे. तिच्यात म्हातारी माणसे बसणार, पोरे शाळेत जाणार, आजारी माणूस दवाखान्यात नेला जाणार. म्हणून हा प्रश्न थोडा थंड डोक्याने तपासायला हवा.

रुबाब आला कुठून?

जीप हे वाहन जन्मले दुसऱ्या महायुद्धात, सैन्यासाठी. भारतात महिंद्र कंपनीने १९४७ साली विलीज जीप जुळवायला सुरुवात केली. खेड्यापाड्यांत ही गाडी आली ती सरकारी अंमलदाराबरोबर. तहसीलदाराची जीप, गटविकास अधिकाऱ्याची जीप, फौजदाराची जीप. निवडणूक आली की उमेदवाराची जीप. धुरळा उडवत येणारे हे वाहन आणि सत्ता यांचे नाते आपल्या मनात तेव्हापासून पक्के झाले. आज दारात जीपसारखी गाडी उभी करणाऱ्याच्या मनात त्या धुरळ्याचा थोडासा अंश असतोच.

गंमत अशी, की आपल्या रस्त्यांवर पुढे ज्यांनी खरी मेहनत केली त्या कमांडर, मार्शल, आर्माडा आणि २००० सालानंतरच्या बोलेरो गाड्या बहुतांशी मागच्या दोन चाकांच्या जोरावरच चालल्या. काळ्या-पिवळ्या जीपगाड्यांनी दाटीवाटीने माणसे कोंबून, टपावर पोती लादून, खडी उखडलेल्या रस्त्यांवर वर्षानुवर्षे ने-आण केली. त्यांतल्या फारच थोड्यांच्या पुढच्या चाकांना जोर होता. खराब रस्ता म्हणजे फोर बाय फोर हवीच, हे समीकरण आपल्याच अनुभवाशी जुळत नाही. खराब रस्त्याला लागते ती जमिनीपासूनची उंची, मजबूत पाटे, चांगले टायर आणि जपून चालवणारा माणूस.

आधी दिवस मोजा

गाडी घेण्यापूर्वी एका वहीत वर्षाचा हिशेब मांडावा. तुळजापूरहून लातूर, अहमदपूर, नांदेडमार्गे नागपूरच्या दिशेने जाणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ३६१ आपल्या दारावरून जातो. लातूर आणि नांदेड या दोन्ही शहरांच्या साधारण मध्यावर आपण आहोत. ‘लातूर पॅटर्न’च्या नादात शिकवणीसाठी तिकडे ठेवलेल्या पोराला रविवारी डबा पोहोचवायचा, लग्नसराईत पाहुण्यांकडे जायचे, तालुक्याच्या बाजारात जायचे, सासरी-माहेरी जायचे, हे सगळे डांबरी किंवा सिमेंटच्या रस्त्यावर होते. २५ डिसेंबर २००० रोजी सुरू झालेल्या पंतप्रधान ग्रामसडक योजनेने अनेक गावांपर्यंत डांबर नेले. उरते काय? गावापासून शेतापर्यंतची पाणंद, आणि तीही पावसाळ्यातली.

एरवी ती पाणंद कोणतीही उंच गाडी पार करते. जून ते सप्टेंबर या काळात मात्र आपली काळी माती वेगळेच रूप धारण करते. या मातीतली चिकण पाणी पिऊन फुगते. वरचा थर लोण्यासारखा गुळगुळीत होतो आणि तोच थर टायरच्या खाचांत भरून बसतो. खाचा भरल्या की टायर नवा असो वा जुना, त्याचा गुळगुळीत रूळ होतो. दोन चाके घसरत होती तिथे चार चाके घसरू लागतात, एवढाच फरक! रस्त्यावर चालायचे टायर लावलेली फोर बाय फोर गाडीही काळ्या मातीत रुतते आणि मग ट्रॅक्टर बोलवावा लागतो.

शेतकऱ्याला हे सांगायला नको. पाऊस उघडल्यावर वाफसा येईपर्यंत तो रानात औत घालत नाही. ओल्या रानात घातलेले औत बैलालाही छळते आणि जमिनीचीही घडी मोडते. रस्त्यालाही वाफसा असतो. एक-दोन दिवस ऊन पडले की जी पाणंद मोटारसायकलही पार करते, तिच्यावर भर पावसात ताकदीची गाडी घातली तर आपण कदाचित पलीकडे जातो, पण मागे हातभर खोल चाकोऱ्या सोडून जातो. त्यांत पाणी साचते आणि मागून येणाऱ्या शेजाऱ्याची बैलगाडी रुतते. पाणंद सगळ्यांची असते, हेही गाडी घेताना ध्यानात ठेवावे.

कोणाला खरोखर हवी?

याचा अर्थ अशी गाडी कोणालाच नको, असा मुळीच नाही. बालाघाटाच्या उतारांवर, शेतातल्या वस्तीवर, तांड्यांवर राहणारी अनेक घरे अशी आहेत, की त्यांच्यापासून डांबरी रस्ता एक-दोन किलोमीटर दूर आहे. राज्य सरकारने २०२१ साली मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना आणली; पण ज्याची पाणंद अजून मातीचीच आहे, त्याला तिच्याशी रोज झगडावे लागते. रात्री पोटात कळा येऊ लागलेली लेक, साप चावलेला गडी, दम लागलेले वडील यांना वाफशाची वाट पाहायला सांगता येत नाही. रोज दूध गोळा करणारा, पशुवैद्य, वस्तीशाळेचा शिक्षक यांचेही तसेच. अशा घरासाठी चारही चाकांना जोर असलेली छोटी गाडी ही चैन नव्हे, तो दवाखान्याचा रस्ता आहे. आणि ती जुनी घेण्यातही काही कमीपणा नाही.

म्हणजे कसोटी सोपी आहे. वर्षातून तीस-चाळीस दिवस दुसरा मार्गच नसेल तर जरूर घ्यावी. चार-पाच दिवसांसाठी घेणार असाल तर ते दिवस ट्रॅक्टरवर किंवा घरीच काढावेत आणि उरलेल्या तीनशेसाठ दिवसांना शोभेल अशी साधी गाडी घ्यावी.

यंत्र समजून घ्या

‘फोर बाय फोर’ या एका नावाखाली दोन वेगळ्या जाती आहेत. पहिली जिप्सी, थार, जिम्नी यांची. यांत गाडी एरवी मागच्या दोन चाकांवर चालते. दांडा किंवा बटण वापरून पुढची चाके जोडायची आणि फार अवघड जागी ‘लो’ गियर टाकायचा. जोर वाढतो, वेग घटतो. अशी गाडी कोरड्या डांबरावर चार चाकांत चालवायची नसते. वळताना पुढची आणि मागची चाके वेगवेगळे अंतर कापतात. मधे ते जुळवून घेणारे डिफरन्शियल नसल्याने सांध्यांना पीळ पडतो. पूर्वीच्या मालकाने रुबाबासाठी गाडी डांबरावर तशीच पळवली असेल, तर त्याचे बिल तुमच्या नावावर फाटते.

दुसरी जात डस्टर किंवा ग्रँड व्हिटारा यांच्या काही मॉडेल्सची. यांत पुढची चाके घसरू लागली की गाडी आपोआप मागच्या चाकांकडे जोर पाठवते. घरच्या माणसांना वापरायला ही सोपी, पण फार खोल चिखलात पहिल्या जातीइतकी कणखर नव्हे. दोन्ही जातींबाबत एक गैरसमज मात्र सारखाच असतो. चार चाकांचा जोर गाडी पुढे काढायला उपयोगी पडतो, थांबवायला नाही. ब्रेक तर साध्या गाडीच्याही चारही चाकांना असतात. म्हणून फोर बाय फोर आहे म्हणून ओल्या रस्त्यावर वेग वाढवणे हा निव्वळ वेडेपणा.

घरात माणसे किती?

आता बाजारात मिळणाऱ्या गाड्या पाहू. डिसेंबर १९८५ मध्ये आलेली मारुती जिप्सी हलकी, साधी आणि दुरुस्तीला सोपी. १९९६ पासून तिला १३०० सीसीचे इंजिन मिळाले आणि २०१९ च्या सुमारास सामान्य ग्राहकांसाठी ती बंद झाली. पाट्यांवरची ही गाडी खड्ड्यांत चांगलीच आदळते आणि मागच्या बाकांवर माणसे आडवी, समोरासमोर बसतात. शिकारखान्यातल्या फोटोत ती शोभते. नातवंडांना रोज शाळेत न्यायला नाही.

थार २०१० मध्ये आली आणि २०२० मध्ये तिची नवी आवृत्ती निघाली. ग्लोबल एनकॅपच्या अपघात चाचणीत या नव्या थारला चार तारे मिळाले. पण तीन दारांच्या थारमध्ये जागा चौघांचीच, आणि मागे बसायचे तर पुढची सीट वाकवून चढावे लागते. शिवाय २०२३ पासून थार फक्त मागच्या दोन चाकांच्या जोराचीही मिळते. बाहेरून दोघी बहिणी-बहिणी. तेव्हा दांडा आहे की नाही हे आत बसून पाहावे.

जून २०२३ मध्ये आलेली पाच दारांची जिम्नी चार मीटरपेक्षा छोटी, गल्लीबोळांत वळायला सोपी, जमिनीपासून २१० मिलिमीटर उंच आणि सहा एअरबॅगची. छोट्या जुन्या फोर बाय फोरमध्ये कुटुंबासाठी आज तीच सर्वांत समंजस. तरी तीही चारच जणांची आहे, आणि मागच्या सीट उभ्या असताना सामानाला जागा २०८ लिटर, म्हणजे दोन-तीन पिशव्यांची. २०१४ मध्ये आलेली चारही चाकांच्या जोराची डिझेल डस्टर पाच जणांना आरामात नेते आणि खड्डे गिळून टाकते. पण २०२० पासून ती बनत नाही. चांगली मिळाली तर सोने, मात्र सुटे भाग लातूर-नांदेडला मिळतात का, हे पैसे देण्यापूर्वी विचारावे.

आपल्याकडच्या घरात आजी-आजोबा, नवरा-बायको आणि दोन मुले म्हणजे सहा माणसे झाली. चार जणांच्या गाडीत यांतले कोण घरी राहणार? हा प्रश्न विक्रेता कधीच विचारत नाही. म्हणून गाडी बघायला एकट्याने किंवा मित्राला घेऊन जाऊ नये. घरच्या माणसांना न्यावे. नऊवारीतल्या आजीला मागच्या सीटवर स्वतःहून चढता-उतरता येते का ते पाहावे. घरातल्या सुनेला, लेकीला चालवायला द्यावी. गाडी घराची असेल तर ती चालवता येणे ही घरातल्या एकाच पुरुषाची मक्तेदारी असू नये.

इंधनाचाही विचार करावा. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ डिझेल गाड्यांत धुराची काजळी अडवणारी गाळणी असते. ती साफ व्हायला गाडी अधूनमधून लांब पल्ल्यावर तापावी लागते. घर, शाळा, मंडई, दुकान अशा दोन-दोन किलोमीटरच्या फेऱ्यांत ती तुंबते. असा वापर असेल तर पेट्रोलच बरे. मात्र एप्रिल २०२३ पूर्वीची पेट्रोल गाडी असेल, तर आजच्या वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलसाठी तिच्या रबरी नळ्या आणि सील मिस्त्रीकडून तपासून घ्यावेत.

दात कसे पाहायचे?

विश्वासातला मिस्त्री बरोबर न्यावा आणि गाडी रॅम्पवर चढवून खालून पाहावी. पुढच्या-मागच्या डिफरन्शियलचे तेल थोडे काढून पाहावे. ते दुधासारखे पांढुरके दिसले तर आत पाणी शिरले आहे. जॉइंटला हाताने हलवून ढिलेपणा पाहावा. चारही टायर एकाच मापाचे आणि साधारण सारखेच झिजलेले असावेत. मोकळ्या मातीवर नेऊन चार चाकांचा जोर आणि ‘लो’ गियर प्रत्यक्ष लावून, काढून पाहावा. ‘लागतो, फक्त वापरला नाही’ हे विक्रेत्याचे वाक्य ऐकून पुढे जाऊ नये. वर्षानुवर्षे न वापरलेला गियर बहुधा जाम झालेला असतो.

पुरात बुडालेली गाडी ओळखायलाही शिकावे. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून काढावा. आतल्या टोकाला गाळाची रेघ दिसते. सीटखालच्या पट्ट्यांचा गंज, सतरंजीखालची बारीक माती आणि काचा बंद केल्यावर येणारा कुबट वास हे तिचे दात. अत्तराच्या बाटल्या टांगलेली गाडी दिसली तर जरा जास्तच हुंगावे.

कागदांचेही तसेच. कोऱ्या फॉर्मवर सह्या घेऊन वर्षानुवर्षे गाडी वापरण्याची आपल्याकडे वाईट रीत आहे. कायद्याच्या नजरेत नोंदवहीत ज्याचे नाव, तो मालक. २०१८ साली नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अपघाताच्या भरपाईची जबाबदारी नोंदणीकृत मालकावरच टाकली. म्हणून विकणाऱ्यानेही आणि घेणाऱ्यानेही फॉर्म २९ आणि ३० वेळेत दाखल करावेत, कर्ज फिटल्याचा फॉर्म ३५ घ्यावा, विमा चौदा दिवसांत आपल्या नावावर करण्यासाठी कळवावे. हैदराबाद किंवा दिल्लीहून गाडी स्वस्त मिळते म्हणून हुरळून जाऊ नये. दिल्ली परिसरात दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर निर्बंध आल्यामुळे तिकडच्या गाड्या इतर राज्यांत येऊ लागल्या. ना-हरकत दाखला, इथला रस्ता कर, नवी नोंदणी हे सगळे जमेस धरले की स्वस्ताई किती उरते ते पाहावे. पंधरा वर्षे होत आलेली गाडी असेल तर फेरनोंदणीचा खर्च वेगळाच.

आणि किंमत रुपयांत मोजण्यापूर्वी सोयाबीनमध्ये मोजावी. २०२५-२६ च्या हंगामासाठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये होता. आठ लाखांची गाडी म्हणजे दीडशे क्विंटल. एकरी आठ क्विंटलचा उतारा धरला तर जवळजवळ एकोणीस एकरांचे सगळे पीक, तेही बियाणे, खत, मजुरी वजा न करता आणि हमीभाव खरोखर हातात पडला असे मानून. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आला. तेव्हा जुन्या फोर बाय फोरच्या किमतीत नवी साधी गाडी किती येते, हेही एकदा विचारून घ्यावे.

पुलाशी थांबा

आता सर्वांत महत्त्वाचे. अशी गाडी घेतलेल्या माणसाच्या मनात एक धिटाई शिरते. पुलावरून पाणी वाहत असले, दोन्ही बाजूंना लोक थांबलेले असले, तरी ‘आपली निघते’ असे त्याला वाटू लागते. मन्याडच्या आणि तिला मिळणाऱ्या ओढ्यांच्या या मुलखात हा भ्रम जिवावर बेततो. ऑगस्ट २०२५ मध्ये शेजारच्या मुखेड तालुक्यात एका रात्रीच्या पावसाने गावे पाण्याखाली गेली आणि माणसे दगावली. आपल्याकडचे पाणी किती वेगाने चढते, याची ती अगदी अलीकडची साक्ष आहे.

हिशेब शाळेतल्या मुलालाही करता येईल असा आहे. छोटी गाडी साधारण चार मीटर लांब आणि दीड मीटर रुंद धरू, म्हणजे तळ सहा चौरस मीटर. तळाला पाणी लागल्यावर ते एक सेंटिमीटर चढले की साठ किलोचा भार उचलते. बाराशे किलोची गाडी वीस सेंटिमीटरमध्ये तरंगू लागणार. तळाची जमिनीपासूनची उंची एकवीस धरली, तर एकूण एक्केचाळीस सेंटिमीटर. म्हणजे मोठ्या माणसाच्या गुडघ्यालाही न पोहोचणारे पाणी! त्याआधीच टायरांची पकड सुटू लागते आणि वाहते पाणी गाडीला कठड्याकडे ढकलते. तरंगणाऱ्या गाडीची चार चाके फिरली काय आणि दोन फिरली काय, खाली जमीनच नसते. कंपनीच्या माहितीपत्रकात पाण्यातून जाण्याची जी खोली दिलेली असते ती संथ पाण्याची. गढूळ लोंढ्याखालचा पूल जागेवर आहे की वाहून गेला, हे ती सांगत नाही.

गाडी कोणतीही घ्या, पण घेण्याच्या दिवशी, पेढे वाटण्याआधी, घरात एक नियम सर्वांसमक्ष ठरवून टाका: पुलावर पाणी दिसले की गाडी थांबेल, मग चालवणारा कोणीही असो आणि घाई कितीही असो. मागच्या सीटवरच्या लहान मुलालाही ‘बाबा, थांबा’ म्हणण्याचा हक्क द्या. त्याचे ऐकणारा माणूस चाकावर असेल, तर दोन चाकांच्या जोराची गाडीही कुटुंबाला पुरे. आणि ऐकणारा नसेल, तर चारही चाकांचा जोर त्या घराच्या काही कामाचा नाही.